'सांगत्ये ऐका' आधी की 'मी दुर्गा खोटे'? पहिल्यांदाच आत्मचरित्र निवडणाऱ्यांसाठी

आमच्या सोसायटीत वाचनाची भिशी आहे. नऊजणी. महिन्यातून एकदा एकीच्या घरी जमायचं, भिशीची चिठ्ठी काढायची, ठरलेल्या पुस्तकावर बोलायचं आणि यजमानीण जे करील ते खायचं. दोन वर्षांपूर्वी ठरलं की कादंबऱ्या पुष्कळ झाल्या, आता आत्मचरित्र घेऊ, आणि तेही सिनेमातल्या बाईचं. दोन नावं पुढे आली. हंसा वाडकरांचं 'सांगत्ये ऐका' आणि दुर्गा खोट्यांचं 'मी दुर्गा खोटे'. त्यातलं एक निवडायला आम्हाला सव्वा महिना लागला. एवढ्या वेळात दोन्ही वाचून झाली असती, असं माझ्या नवऱ्याने दोनदा ऐकवलं.

तो सव्वा महिना कुठे वाया गेला ते मला नेमकं ठाऊक आहे. तुमचा तसा जाऊ नये म्हणून हे लिहिते आहे. उदाहरण या दोन पुस्तकांचं आहे, पण रीत कुठल्याही दोन आत्मचरित्रांना चालेल.

काय काय जवळ असावं

- वाचनालयाचं सभासदत्व. नसेल तर फोटो, आधार कार्डाची झेरॉक्स, पत्त्यासाठी विजेचं बिल आणि अनामत रक्कम. नियम वाचनालयागणिक बदलतात, म्हणून आधी फोन करा.
- शिसपेन्सिल. पेन नको, पुस्तक वाचनालयाचं आहे.
- जुन्या कॅलेंडरचं एक कोरं पान. ते पायरी ४ला लागेल.
- मोठ्याने वाचेल असं एक माणूस आणि ऐकेल असं दुसरं.

१. दोघींची तोंडओळख करून घ्या, पण पाच मिनिटांतच

हंसा वाडकर मूळच्या रतन साळगावकर. जन्म १९२३चा. घराणं कलावंतिणींचं, घरात गाणं. 'विजयाची लग्ने' १९३६ साली आला तेव्हा त्या तेरा वर्षांच्या होत्या. पुढे 'संत सखू', 'रामशास्त्री', 'लोकशाहीर रामजोशी' आणि १९५९चा अनंत माने यांचा 'सांगत्ये ऐका'. हा सिनेमा पुण्यात विजयानंदला १३१ आठवडे चालला. आमच्या तळमजल्यावरच्या काकूंनी तो तिथेच, आईच्या मांडीवर बसून पाहिला होता. त्यांना गोष्ट आठवत नाही, 'बुगडी माझी सांडली गं'ला लोकांनी पडद्यावर फेकलेली चिल्लर आठवते. आत्मचरित्राचं नाव या सिनेमावरूनच घेतलेलं आहे.

दुर्गा खोटे माहेरच्या लाड. जन्म १९०५. वडील सॉलिसिटर, घर गिरगावात कांदेवाडीला, मूळ गोव्याचं, घरात कोकणी. शिक्षण कॅथीड्रल आणि सेंट झेवियर्समध्ये. लग्न झालेली, दोन मुलांची आई असलेली ही बाई घरची परिस्थिती ढासळल्यावर सिनेमात आली. १९३१ साली 'फरेबी जाल'मध्ये छोटं काम केलं आणि १९३२ साली 'प्रभात' फिल्म कंपनीच्या 'अयोध्येचा राजा'त तारामती केली. मराठीतला हा पहिला बोलपट. पुढे 'अमर ज्योती', 'मुघल-ए-आझम'मधली जोधाबाई, 'बिदाई', आणि इकडे रंगभूमीवरही कामं.

एवढं पुरे. आम्ही इथे आठवडाभर मोबाईलवर माहिती गोळा करत बसलो. तेव्हा भेटायला आलेली पाहुणी 'ही बाई मोठी की ती?' असं विचारू लागली आणि सगळ्यांची गाडी त्या रुळावर गेली. पुस्तक चांगलं असायला बाई मोठी असावी लागत नाही.

२. पुस्तक कुणाच्या हातात पडणार आहे?

हा प्रश्न आम्ही सर्वांत शेवटी विचारला. तो सर्वांत आधी विचारायला हवा होता.

एकटीने वाचायचं असेल तर दोन्हींतलं कुठलंही घ्या. गटात बोलायचं असेल तर 'सांगत्ये ऐका' वर वाद जास्त होतो, आणि वाद झाला की भिशी चांगली होते. आई-मावशीला भेट द्यायचं असेल तर दुर्गाबाईंचं जास्त सुरक्षित. जुन्या मुंबईतलं भरलेलं घर, कोल्हापूर, स्टुडिओ, नाटकं असा ऐवज त्यात भरपूर आहे.

शाळकरी मुलीला देणार असाल तर आधी स्वतः वाचा. हंसाबाई दारूविषयी, शरीराविषयी आणि आपल्यावर झालेल्या जबरदस्तीविषयी आडपडदा न ठेवता बोलतात. तेराव्या वर्षी वाचू नये असं मी म्हणणार नाही, पण वाचल्यावर घरात कुणीतरी बोलायला असावं.

मुलगी अमेरिकेत वाढली आहे आणि देवनागरी अडखळत वाचते, अशी अडचण आमच्यातल्या दोघींची होती. त्यांच्यासाठी सोय आहे. दुर्गाबाईंच्या पुस्तकाचा इंग्रजी अनुवाद शांता गोखले यांनी केला आहे, तो २००६ साली ऑक्सफर्डने काढला. हंसाबाईंच्या पुस्तकाचा अनुवाद जसबीर जैन आणि शोभा शिंदे यांचा, झुबानने २०१३ साली काढलेला. पण अनुवादाचं नाव मूळ नावासारखं असेलच असं नाही. हंसाबाईंचं इंग्रजीत 'यू आस्क, आय टेल' या नावाने आहे. मराठी नाव टाकून शोधत बसलात तर संध्याकाळ जाते. आमची गेली.

३. लेखणी कुणाच्या हातात होती ते बघा, आणि एकेक पान मोठ्याने वाचा

ही पायरी मी सर्वांत महत्त्वाची मानते, म्हणून इथे जरा थांबते.

आत्मचरित्र म्हटलं की बाई टेबलाशी बसून लिहीत असणार असं आपण धरून चालतो. दुर्गाबाईंचं पुस्तक १९८२ साली आलं, तेव्हा त्या सत्त्याहत्तर वर्षांच्या होत्या. हंसाबाईंचं तसं नाही. त्या बोलल्या आणि अरुण साधूंनी ते उतरवून घेतलं. तेव्हा साधू तरुण पत्रकार होते. मजकूर आधी 'माणूस' साप्ताहिकात आला आणि १९७० साली राजहंसने पुस्तक काढलं. हंसाबाई सत्तेचाळीस वर्षांच्या होत्या, आणि पुढच्याच वर्षी त्या गेल्या.

आता नावांकडे बघा. 'सांगत्ये' म्हणजे 'सांगते आहे', बोलताना आखडलेलं. त्यात एक क्रियापद आहे आणि समोर बसलेलं माणूस आहे. दुसऱ्या नावात 'मी' आहे आणि पुढे पूर्ण नाव, सहीसारखं. दोन्ही पुस्तकं कशी बोलणार आहेत हे मुखपृष्ठावरच कळतं. आम्हाला ते दिसायला तीन आठवडे लागले.

करायचं असं: वाचनालयात दोन्ही पुस्तकं एकदम काढा. सुरुवातीचं पान घेऊ नका, सुरुवातीला सगळेच नीट बसून बोलतात. साधारण मध्यावरचं कुठलंही पान उघडा आणि मोठ्याने वाचा. वाचनालयात शांतता पाळायची असेल तर बाहेर पायरीवर बसा. आम्ही तशाच बसलो होतो. चपला काढायच्या रॅकशेजारी काकूंनी हंसाबाईंचं एक पान वाचलं. पानाच्या मध्यावर आल्यावर त्यांचा आवाज वाचण्याचा राहिला नाही. जिन्यात उभं राहून शेजारणीला सांगतात ना, तसा झाला. वाक्यं तोकडी, एका गोष्टीतून दुसरी निघते, पहिली तशीच राहते. मग मी दुर्गाबाईंचं पान वाचलं आणि माझी पाठ आपोआप ताठ झाली. ते बैठकीतलं बोलणं आहे. पाहुणे आले आहेत, चहा आला आहे, गोष्ट सुरुवातीपासून सुरू होऊन शेवटाला जाते.

ज्या आवाजाला तुमचा कान आधी लागला ते पुस्तक तुमचं. मला याहून चांगली कसोटी सापडलेली नाही.

*इथला सापळा:* 'बोलून घेतलेलं ते खरं आणि लिहिलेलं ते सजवलेलं' असं कुणीतरी म्हणतंच. आमच्याकडेही म्हणालं. बोलणाऱ्या बाईसमोरही कुणीतरी बसलेलं असतं. काय विचारायचं आणि काय वगळायचं यात त्याचा हात असतो. उलटं म्हणणारेही भेटतात, की शब्दांकन केलेलं ते 'तिचं' पुस्तकच नव्हे. दोघांनाही एक-एक पान मोठ्याने वाचायला लावा.

४. तारखांचा तक्ता करा

कॅलेंडरच्या कोऱ्या पानावर डावीकडे वर्ष, मध्ये सिनेमा, उजवीकडे बाईचं वय. हंसाबाई: १९३६ तेरा, १९४१ 'संत सखू' अठरा, १९४७ 'लोकशाहीर रामजोशी' चोवीस, १९५९ छत्तीस. दुर्गाबाई: १९३२ सत्तावीस, १९३६ 'अमर ज्योती' एकतीस, १९६० 'मुघल-ए-आझम' पंचावन्न.

याचा उपयोग काय? सांगितलेल्या आठवणी तारखेच्या क्रमाने येत नाहीत. हंसाबाई पुढचं आधी सांगतात, मागचं मग. तक्ता जवळ नसेल तर निम्म्या पुस्तकात आपण 'हे लग्नाआधीचं की नंतरचं?' असं करत पानं उलटत राहतो. आणि दोन रकाने शेजारी ठेवले की आणखी एक गोष्ट डोळ्यांत भरते. एकीने सुरुवात केली तेव्हा ती मूल होती, दुसरीला दोन मुलं होती. दोघींनी 'मला काम करावं लागलं' असं म्हटलं तरी त्या वाक्याचं वजन सारखं नाही.

*सापळा:* पुस्तकाला त्याच्या सालापुढचं विचारू नका. आमच्यातली एक हिरमुसली, की दुर्गाबाईंना दादासाहेब फाळके पुरस्कार मिळाला त्याचं वर्णन कुठे सापडेना. पुरस्कार १९८३चा, पुस्तक १९८२चं. पद्मश्री १९६८ची, ती पुस्तकाच्या आधीची.

५. दोघींच्या वाटेवर आलेली एक जागा निवडा आणि फक्त तेवढं वाचा

निवड होत नसेल तर ही युक्ती. दोघींनी पाहिलेली एक जागा शोधा. इथे ती आहे 'प्रभात'.

'प्रभात' १९२९ साली कोल्हापुरात सुरू झाली आणि १९३३ साली पुण्यात आली. दुर्गाबाई पहिल्यांदा गेल्या त्या कोल्हापूरच्या 'प्रभात'मध्ये. सॉलिसिटरच्या घरातली, कॉलेजात शिकलेली बाई मुंबईहून कोल्हापुरात सिनेमाचं काम करायला आली, ही त्या काळी बातमी होती. चांगल्या घरच्या बाया सिनेमात जात नाहीत या समजुतीला तडा गेला तो तिथे. त्यांनी तारामती केली, त्याच वर्षी 'माया मच्छिंद्र'मध्ये चित्ता पाळणारी राणी केली, आणि तरी कंपनीला कायमचं बांधून घेतलं नाही. बाहेरची कामं घेत राहिल्या.

हंसाबाई 'प्रभात'मध्ये आल्या त्या पुण्याला, 'संत सखू'साठी. त्यांच्या घरात गाणं-नाच ही कमाईची रीतच होती. त्यांनी कामाला जाण्यात कुणाला धक्का बसायचं कारण नव्हतं, उलट घरच्यांना त्यांच्या पैशांची सवय झालेली होती. संसार करावा, घरात राहावं, ही ओढ त्या पुस्तकभर बोलून दाखवतात. म्हणजे दुर्गाबाई ज्या उंबरठ्यातून बाहेर पडल्या त्याच उंबरठ्याच्या आत हंसाबाईंना यायचं होतं. स्टुडिओचं फाटक मात्र एकाच कंपनीचं.

दोन्ही पुस्तकांतली 'प्रभात'ची पानं शोधून सलग वाचा. दीड-दोन तासांचं काम आहे. त्यानंतर 'कुठलं घेऊ?' हा प्रश्न आमच्यात तरी कुणाला पडला नाही. पाचजणी एकीकडे, चौघी दुसरीकडे, पण प्रत्येकीला आपलं ठाऊक होतं.

६. 'भूमिका' पुस्तकाआधी पाहू नका

श्याम बेनेगल यांचा 'भूमिका' १९७७ साली आला, हंसाबाईंच्या पुस्तकावर आधारलेला. स्मिता पाटील यांना त्यासाठी राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. सिनेमा उत्तमच आहे. पण तो आधी पाहिलात तर पुस्तक वाचताना सगळीकडे स्मिता पाटील दिसतात, नवरा अमोल पालेकर होतो, आणि मराठवाड्यातल्या त्या गावात हंसाबाई अडकून पडतात तो भाग वाचताना अमरीश पुरींचा आवाज कानात घुमतो. सिनेमात नावं बदललेली आहेत, बाई 'उषा' आहे, आणि बोलणं हिंदीत आहे. ज्या बोलण्यासाठी पुस्तक वाचायचं तेच नेमकं तिथे नाही.

आमच्यातल्या तिघींनी आधी सिनेमा पाहिला आणि 'पुस्तकात अमुक प्रसंग का नाही' म्हणून मला जाब विचारला. आधी पुस्तक, मग निदान आठवडा जाऊ द्या, मग सिनेमा.

७. प्रत मिळवताना

आता व्यवहाराचं.

वाचनालयात लेखकाच्या नावाखाली 'वाडकर, हंसा' बघाच, पण सापडलं नाही तर 'साधू, अरुण' खालीही बघा. नोंद करणाऱ्याने कुठे टाकलं असेल सांगता येत नाही. संगणकावर शोधताना 'सांगत्ये', 'सांगते', 'सांगत्ये ऐका' असं सगळं टाकून पाहा. जोडाक्षर चुकलं की यादी कोरी येते.

दुर्गाबाईंसाठी संपूर्ण नाव सांगा. एका वाचनालयात मी काउंटरवर फक्त 'दुर्गाबाईंचं द्या' म्हटलं, आणि तिथल्या मुलाने तत्परतेने दुर्गा भागवतांचं पुस्तक आणून दिलं. चूक माझीच. मराठीत नुसतं 'दुर्गाबाई' म्हटल्यावर पुस्तकवाल्याच्या डोळ्यांपुढे भागवतच येणार.

शासनाच्या वर्गवारीत वाचनालयं अ, ब, क, ड अशी असतात. जवळचं 'ड' वर्गाचं असेल तर जुनी आत्मचरित्रं असतीलच असं नाही, तालुक्याचं किंवा जिल्ह्याचं वाचनालय गाठा. पुण्यात असाल तर अप्पा बळवंत चौकात चक्कर माराच, नवी प्रत नसली तरी कुणाकडे मिळेल ते तिथे कळतं.

जुनी प्रत विकत घेताना तीन गोष्टी बघा. एक, पानांचे आकडे सलग आहेत ना. मी घरपोच मागवलेल्या एका जुन्या प्रतीत सोळा पानांचा अख्खा फर्मा गायब होता आणि विक्रेत्याने 'जुनं पुस्तक आहे मॅडम' एवढंच उत्तर दिलं. आता मी आधी फोटो मागवते. दोन, शीर्षकपानामागचा मजकूर वाचा. 'आवृत्ती' आणि 'पुनर्मुद्रण' यांत फरक आहे. पुनर्मुद्रणात तोच मजकूर पुन्हा छापलेला असतो, नव्या आवृत्तीत काही वाढलेलं असू शकतं. भिशीत सगळ्यांच्या पानांचे आकडे जुळायला हवे असतील तर एकच आवृत्ती घ्या, नाहीतर 'एकशे बाराव्या पानावर बघा' म्हटल्यावर नऊजणींच्या नऊ तऱ्हा. तीन, फोटोंची पानं. सिनेमावाल्यांच्या आत्मचरित्रांतली फोटोंची पानं आधीच्या मालकाने कापून घेतलेली असतात.

८. अजूनही अडलात तर तिसरा साक्षीदार

दुर्गाबाईंच्या सून म्हणजे नाट्यदिग्दर्शिका विजया मेहता. दुर्गाबाईंचा मुलगा हरीन हे त्यांचे पहिले पती, ते तरुणपणीच गेले. विजयाबाईंचं आत्मचरित्र 'झिम्मा' २०१२ साली आलं. दुर्गाबाईंच्या पुस्तकानंतर ते उघडलंत तर त्याच घराकडे दुसऱ्या खिडकीतून बघता येतं. सासूने आणि सुनेने एकाच माणसाबद्दल काय लिहिलं आणि काय लिहिलं नाही, हे ज्याचं त्याने वाचावं. हंसाबाईंच्या घरातून असा दुसरा आवाज माझ्या वाचनात नाही. तुम्ही पुढे आणखी वाचत जाणार असाल तर हा मुद्दा दुर्गाबाईंच्या बाजूने जातो.

९. ठरवा आणि तारीख टाका

पायरी ३ आणि ५ झाल्या की चर्चा बंद. चिठ्ठ्या नकोत. कान कुठे लागला ते प्रत्येकीने एका शब्दात सांगायचं, जास्त हात तिकडे, आणि वाचून संपवायची तारीख तिथल्या तिथे लिहायची. 'सांगत्ये ऐका' दोन-तीन बैठकींत होतं, त्याला दोन आठवडे पुष्कळ झाले. दुर्गाबाईंना महिना द्या, ते घाईत वाचलं तर नुसती नावांची यादी वाटते.

आम्ही हंसाबाईंना घेतलं, पाच विरुद्ध चार. त्या महिन्याला भिशी काकूंकडे होती. साबुदाणा वड्यांचा घाणा गॅसवर असताना वाद एवढा चढला की तो घाणा करपला. हरलेल्या चौघींनी पुढच्या महिन्याला दुर्गाबाई लावून घेतल्या. दोन्ही प्रती आता काकूंच्या कपाटात आहेत. मागायला गेलात तर देतात, पण आधी कॅलेंडरवर तुमचं नाव आणि परत द्यायची तारीख लिहून घेतात.